देठ खुडायचा दवाखाना

धरमपेठेतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी आले की अजूनही माझा हात आपोआप पदराकडे जातो आणि पदर नाकाकडे. ठसका लागेल म्हणून. तिथे मिरची दिसून आता किती तरी वर्षं झाली. बंगल्याच्या जागी नळ आणि टाइल्सचं काचेचं मोठं दुकान उभं आहे. परवा मुलीला तिच्या नव्या घरासाठी नळ पाहायचे होते म्हणून आम्ही दोघी गेलो. ती आत भाव करत होती आणि मी पायरीवर नाकाला पदर लावून उभी. "आई, उन्हात काय करून राहिली तिथं?" तिने आतून विचारलं. ठसका लागला म्हटलं. ती बिचारी पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली, आणि मला आठवलं की तिने जन्मात पहिल्यांदा मिरचीला हात घातला तो इथेच, या पायरीच्या आसपास कुठे तरी.

तो आमच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बायकांचा. लाल कौलांचा बैठा बंगला, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्यात भिंतीला टेकून सतरंजी आणि सतरंजीवर सुपं. आतून फिनेलचा वास यायचा, स्पिरिटचा यायचा, उकळत्या पाण्यात खदखदणाऱ्या कात्र्या-चिमट्यांचा एक ओलसर लोखंडी वास यायचा. या सगळ्यांना मागे सारून यायचा तो मिरचीचा. नवी बाई फाटकातून आत आली की हमखास शिंकायची. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येई, "या, नवीन दिसता." जुन्या बायका शिंकत नसत. त्या अगोदरच नाकाला पदर लावून येत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चांगली दोनदा शिंकले होते. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असावं. फाल्गुन होता, बसस्टँडवर संत्र्यांच्या सालींचा खच पडलेला आणि ऊन नुकतं चटका द्यायला लागलेलं. सोबत सासू होती.

माझं माहेर कुहीकडचं, धानाच्या चिखलातलं. सासर भिवापूरचं, मिरचीवाल्यांचं. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई अंगाने काटक, नाकाने सरळ आणि बोलण्यात अशा की समोरच्याला उत्तर द्यायची गरजच पडू नये. मिरचीतलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं व्यापाऱ्यांनाही कळत नसे, आणि व्यापाऱ्यांना कळत नाही हे त्या व्यापाऱ्यांना तोंडावर सांगत. पण एक गोष्ट होती. उचलाउचलीचं काम त्यांनी कधी केलं नाही. पाण्याची घागर असो, मिरचीचं बोचकं असो, त्या लांबून हुकूम करत आणि उचलणारा दुसराच कुणी असे. लग्नानंतर ती दुसरी मी होते. बसमध्ये बसायला जागा नसेल तर त्या बस सोडून देत. मागाहून दुसरी येईल, म्हणत, आणि फाट्यावर दगडावर टेकून बसत. त्या रस्त्याचे कंडक्टर त्यांना राणीबाई म्हणायचे. मलाही तसंच वाटे. सासू झाली की बाईचा असा थाट होत असेल, आपलाही होईल कधी तरी.

पण त्यासाठी आधी आई व्हायला पाहिजे होतं. माझी दोन लेकरं पोटातच गेली होती, दोन्ही पाचव्या महिन्यात. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. हे राहावं, एवढंच. सकाळी उठताना तेच, भाकर थापताना तेच. आत्याबाई बोलून दाखवत नसत, पण त्यांनी माझ्यासाठी दर्ग्यावर चादर बोलली होती, देवीला खण बोलला होता आणि शेवटी कुणी तरी धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं तर मला घेऊन सरळ बसमध्ये बसल्या. सीट पाहून.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. काठाची सुती साडी, बाह्या कोपरापर्यंत, केसांत एखादी पांढरी बट आणि टेबलावर एक लाकडी नळी, दोन्ही तोंडांना रुंद. त्यांनी मला नाव विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं. पाळी कधी चुकली विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं. भूक लागते का, झोप लागते का, मळमळतं का, सगळं आत्याबाईंनीच सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी मागच्या दोन वेळचं विचारलं. आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कळा कशा रात्रभर आल्या, सून कशी गुरासारखी ओरडली, आपण ओव्याच्या पुरचुंडीने शेक कसा दिला, सगळं सांगितलं. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होते.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे, आणि आयाबाईला हाक मारली. तिचं नाव सिंधूबाई. "सिंधू, यांना व्हरांड्यात ने. मिरच्या राहिल्यात. तेवढे देठ खुडून होऊ दे, तोवर मी हिला तपासते."

आत्याबाई उठल्या नाहीत. आपण बसचं भाडं भरून दुसऱ्याच्या मिरच्या खुडायला आलो नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सिंधूबाईने वाद घातला नाही. तिने फक्त व्हरांड्याचं दार उघडं केलं. समोर सतरंजीवर धरमपेठेतलीच कुणी तरी सासू बसली होती आणि मिरची धरून देठ चक्क ओढत होती. टोपीसकट देठ निघत होता आणि बी सुपात, लुगड्यावर, सतरंजीवर सांडत होतं. आत्याबाईंनी ते पाहिलं. थोडा वेळ सहन केलं. मग उठल्याच. "अवं बाई, मिरची आहे का कोंबडी? नखानं चिमट," असं म्हणत त्या बाहेर गेल्या आणि सिंधूबाईने दार लोटून घेतलं.

पुढे कळलं की ही डॉक्टरीणबाईंची नेहमीची रीत होती. आमच्याकडे सून दवाखान्यात एकटी जात नसे आणि गेली तरी बोलत नसे. बोलायचं काम सोबतच्या बाईचं. सुनेने आपल्या अंगाबद्दल वडीलधाऱ्या बाईसमोर काही म्हणायचं म्हणजे "कंबर दुखते" एवढंच. गर्भाशय असो, अंगावरून जाणं असो, आमच्या बायकांचं सगळं कंबरेतच दुखायचं. डॉक्टरीणबाईंनी सासवांना कधी बाहेर जा म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर सुनाही परत आल्या नसत्या. त्यांनी फक्त सासवांच्या हातात सूप दिलं. उन्हाळ्यात मिरची, एरवी तुरीची डाळ, तांदूळ, कधी शेंगा. रिकाम्या हाताने बसणं कुठल्याच सासूला जमत नाही, हे त्यांनी कधी ओळखलं कोण जाणे.

दार लागलं तशी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आता तू सांग. किती दुखलं?"

बाहेरून आत्याबाईंचा आवाज येत होता, त्या धरमपेठवालीला मिरची कशी धरायची ते शिकवत होत्या. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. उठून खिडकीचा पडदा नीट केला, परत येऊन बसल्या. मग माझ्या तोंडून निघालं. "नाही दुखलं."

माझ्या माहेरी आमच्या गल्लीत एक सून होती, तिचं असंच पोट गेलं होतं आणि तिला दुखलं नव्हतं. ती तसं भोळेपणाने बोलून बसली. दुखलं नाही म्हणजे हिनेच काही घेतलं, असं बायकांनी ठरवलं आणि वर्षानुवर्षं तिच्या पाठीमागे तेच बोलत राहिल्या. मी लहान होते, पण ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे माझं पहिलं लेकरू गेलं, आणि ते काही न दुखता, नुसतं ओलं वाटून गेलं, तेव्हा आत्याबाईंच्या पावलांचा आवाज ऐकून मी ओरडायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळीही तसंच. रात्रभर ओरडले. लेकराच्या दुःखाने रडत होते ते खरं होतं. कळा खोट्या होत्या. त्या कळांवर मला काढे मिळाले, शेक मिळाले, गोळ्या मिळाल्या. कुणाला दुसरं काही सुचावं अशी सोयच मी ठेवली नव्हती.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. रडत रडत, नाक पुसत, पदरालाही मिरचीचा वास. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाल्या, "पोरी, हेच तर मला हवं होतं. न दुखता जातं, म्हणजे गर्भाच्या पिशवीचं तोंड कच्चं आहे. याला इलाज आहे."

इलाज आहे. हे दोन शब्द मी त्याआधी माझ्याबद्दल कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

मग त्यांनी आत्याबाईंना आत बोलावलं. माझ्या खोट्या कळांबद्दल अवाक्षर काढलं नाही, ना तेव्हा ना नंतर कधी. पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल, एवढंच सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "टाका? पोतं हाय का ते?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोत्यासारखंच समजा, मिरची भरली की तुम्ही पोत्याचं तोंड दाभणाने शिवता ना, तसं. दिवस भरले की धागा कापायचा. आत्याबाईंना ते लगेच पटलं. सुतळीने घालता का, एवढंच त्यांनी विचारलं. रेशमाने, असं ऐकल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली.

चैत्रात टाका घातला. त्याचं फारसं आठवत नाही, कंबरेत सुई टोचल्याचं आठवतं आणि डॉक्टरीणबाईंचा थंड हात. पण नंतरच्या त्या आडव्या दुपारी अजून अंगावर आहेत. खिडकीला वाळ्याचा पडदा, सिंधूबाई त्यावर पाणी मारायची आणि खोलीभर ओल्या मातीसारखा वास पसरायचा. पलंगाच्या पायथ्याशी विटा लावून पाय वर केलेले. बाहेर सतरंजीवर बायकांचं चाललेलं, सुपाची पाखडण, मधूनच कुणाची तरी शिंक. दुपारी दवाखाना बंद झाला की सिंधूबाई डाळीचे डबे घेऊन बसे. एकदा मी पडल्या पडल्या पाहिलं तर ती सकाळी निवडलेले खडे मुठीने परत डाळीत टाकत होती. मी विचारलं हे काय. ती अगदी सहज म्हणाली, "नाही तं उद्याच्या सासवाईले काय देऊ?" टाक्याला धक्का लागेल म्हणून मला हसायची बंदी होती. मी तोंडात पदर कोंबून हसले.

घरी आले ती हुकूम घेऊन. उचलायचं नाही, वाकायचं नाही, पायथ्याच्या विटा काढायच्या नाहीत. मग पाणी कोण भरणार? मला वाटलं, आता तरी आत्याबाई घागर उचलतील. त्या विहिरीपर्यंत गेल्या, काठावर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन आपल्या मुलाला म्हणाल्या, तू भर. ह्यांनी बिचाऱ्यांनी पावसाळाभर पाणी भरलं. गल्लीत हसणं झालं. बायकोसाठी घागर वाहतो म्हणून ह्यांना लोक चिडवत, आणि मी विटांवर पाय ठेवून आत मनातल्या मनात सासूवर चिडत असे. मुलाची अब्रू गेली तरी चालेल, पण हातात घागर धरायची नाही म्हणजे काय.

दर महिन्याला आम्ही नागपूरला जात होतो. आत्याबाईंना आता जायची ओढच लागली होती. दुसऱ्या खेपेपासून त्या घरची मिरची पिशवीत घालून नेऊ लागल्या, कारण डॉक्टरीणबाईंची मिरची भिवापुरी म्हणून घेतलेली असली तरी ती भिवापुरी नाही, असं त्यांचं मत होतं. व्हरांड्यात त्यांची जागा ठरून गेली होती. त्यांच्या शेजारी बहुतेक वेळा इंदोऱ्याच्या गयाबाई असत. पांढरं स्वच्छ लुगडं, गळ्यात काळा गोफ, आल्या की सगळ्यांना मोकळेपणाने जयभीम करायच्या. त्यांचीही सून आत असायची. पहिल्यांदा आत्याबाईंनी सूप स्वतःकडे ओढून घेतलं होतं आणि मधे हातभर जागा सोडली होती. गयाबाईंनी दुसरं सूप घेतलं. पुढच्या खेपेला मी आतून बाहेर आले तर एकच सूप दोघींच्या मधे होतं आणि दोघी त्यात हात घालून कुणाच्या तरी जावयाला नावं ठेवत होत्या. त्यांचं बोलणं किती तरी वेळ चाले. मी आले की थांबे.

सातव्या महिन्यात एकदा डॉक्टरीणबाईंनी ती लाकडी नळी माझ्या पोटावर टेकवली, कान लावला आणि मग आत्याबाईंना हाक मारली. ऐकायचं का, म्हणाल्या. आत्याबाईंना वाकवेना. स्टुलावर बसून, कंबर धरून, कशाबशा त्या झुकल्या आणि नळीला कान लावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दूर कोणी उखळात कांडून राहिलं." त्यांचे डोळे भरले होते. डॉक्टरीणबाई मात्र त्यांच्या डोळ्यांकडे नाही, कंबरेवरच्या हाताकडे पाहत होत्या. ते मी पाहिलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही.

दसऱ्यानंतर धागा कापला आणि दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. रडली ती असं रडली की व्हरांड्यातल्या सगळ्या सासवा उठून दाराशी आल्या, असं सिंधूबाई सांगायची. आत्याबाईंनी पेढे वाटले. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं असतं तर त्यांनी त्याला गावात राहू दिलं नसतं. पण नातीला त्यांनी कधी उचललं नाही. "मांडीवर दे," म्हणत. बसलेल्या असल्या की दिवसभर मांडीवर घेत, तेल लावत, तिच्याशी लाडे लाडे बोलत. उभ्या असताना बाळ रडलं की लगेच मला हाक, "अवं, उचल तिले." मी हातातलं काम टाकून धावायची. हिच्या थाटाला नातीचीही सूट नाही, असं माझ्या मनात येई.

नवी मिरची आली तशा आत्याबाई म्हणाल्या, नागपूरले जाऊ, डॉक्टरीणबाईले मिरची देऊ. बाळाला दाखवूनही होईल. थंडी होती. व्हरांड्यात उन्हाचा पट्टा पडला होता आणि गयाबाई त्यात पाठ शेकत बसल्या होत्या. आतून आमचा नंबर पुकारला. बाळाला घेऊन मी उठले. आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत खाली बसवलं.

"तू बस वं," त्या म्हणाल्या. "देठ खुड."

आणि त्या एकट्या आत गेल्या. दार आतून लागलं.

माझ्या मांडीवर बाळ, समोर सूप आणि मी दाराकडे पाहत बसलेली. गयाबाईंनी एक मिरची उचलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "एवढे दिवस मागं लागली होती मी तिच्या. आज गेली." मग त्यांनी सांगितलं. धाकटा मुलगा झाला तेव्हा आत्याबाईंना कुणी टेकू दिलं नव्हतं, अंग ओलं असतानाच त्या मिरचीची बोचकी उचलायला लागल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येत होतं. उभं राहिलं की ओढ, खोकलं की भीती, उचलायचं तर प्रश्नच नाही. कपड्याची घडी बांधून, पावलं जवळ टाकून त्यांनी आयुष्य काढलं होतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. गयाबाईंचंही तेच होतं. त्यांचं ऑपरेशन आदल्या वर्षी याच दवाखान्यात झालं होतं, आणि या व्हरांड्यात, या सुपावर, त्यांनी ते आत्याबाईंना सांगितलं होतं.

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून विहिरीचा काठ जात होता, फाट्यावरचा दगड जात होता, सोडून दिलेल्या बसगाड्या जात होत्या. राणीबाई. मला इतकं रडू आलं की बाळ माझ्याकडे टकामका बघायला लागलं. गयाबाई म्हणाल्या, मिरचीचा हात डोळ्याले लावू नको. तेवढंच.

आत काय झालं ते आत्याबाईंनी मला फार पुढे, म्हातारपणी, पाय दाबताना सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, कंबर दुखते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कंबर सोडून काय दुखतं ते सांगा. आणि मग दार लागलेलं आहे याची खात्री करून, खुर्चीवर नाही तर फरशीवर बसून, आत्याबाईंनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, याला इलाज आहे का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही उखळ ऐकलं त्या दिवसापासून मी वाट पाहतेय.

माघात ऑपरेशन झालं. आता सोबतीण मी होते. डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना विचारलं, भूक लागते का, तर मीच म्हटलं, लागते, काल अर्धी भाकर खाल्ली. डॉक्टरीणबाईंनी सिंधूबाईला हाक मारली आणि मला व्हरांड्यात पाठवलं. तुरीची डाळ होती. मी मुकाट्याने खडे काढले, आणि ते दुपारी परत डाळीत जाणार आहेत हे माहीत असूनही नीट काढले. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना सांगितलं, मी म्हणेपर्यंत काही उचलायचं नाही. आत्याबाई म्हणाल्या, त्याची मले सवय आहे.

त्या बाईंचे उपकार मी कुठे ठेवू? नंतर शहरात मोठमोठी हॉस्पिटलं झाली, पडद्यावर बाळ दिसायला लागलं, माझ्या मुलीची बाळंतपणं थंडगार खोल्यांत झाली. सगळं चांगलंच झालं. आता बाईला आत एकटीला बोलावतात आणि तीही घडाघडा बोलते, कंबरेचं नाव न घेता. मला त्याचा आनंदच आहे. पण आमच्यासारख्या मुक्या बायकांना ज्या बाईने एक सूप आणि एक बंद दार देऊन बोलतं केलं, तिची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात, मग मी कुठेही असो. परवा टाइल्सच्या दुकानाच्या पायरीवरही ते जोडले गेले. सेल्समनने वर पाहिलं, त्याला वाटलं मी त्यालाच नमस्कार केला, त्यानेही केला.

वैशाखात आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. पोर रांगायला लागली होती. व्हरांड्यात वर्षभराच्या तिखटासाठी आणलेल्या मिरचीची रास होती, लालभडक, उन्हाने कडक झालेली. आत्याबाई तपासून घेऊन बाहेर आल्या, त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई हात पुसत दाराशी उभ्या राहिल्या. मी गयाबाईंशी बोलत होते. पोर माझ्या मांडीवरून कधी घसरली ते कळलंच नाही. ती रांगत राशीपाशी गेली आणि तिने दोन्ही मुठी मिरचीत खुपसल्या. एक मूठ तोंडाकडे निघाली. आत्याबाई तिच्यापासून हाताच्या अंतरावर होत्या, आणि तिथूनच त्यांनी नेहमीप्रमाणे मला हाक मारली, "अवं, उचल तिले."

"तुम्हीच उचला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. व्हरांड्यात सगळ्यांचे हात थांबले होते. आत्याबाई आधी गुडघ्यावर बसल्या, पोरीच्या मुठीतल्या मिरच्या काढल्या, तिचे हात आपल्या पदराने पुसले. मग तिला छातीशी धरलं आणि उठल्या. सावकाश, खांबाला एक हात लावून, पण उठल्या. उभं राहिल्यावर त्यांनी खांबावरचा हातही काढला. पोरीने त्यांच्या नथीला हात घातला. गयाबाई हसत होत्या.

त्यानंतर पोर मला मिळाली नाही. फाटकापर्यंत त्यांच्याच कडेवर, रिक्षात त्यांच्याच कडेवर. मी दोनदा म्हटलं, द्या आता, दमाल. त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. बसस्टँडवर भिवापूरची गाडी लागलेली होती. गर्दी बेताची होती. कंडक्टर ओळखीचा, त्याने राणीबाईंना पाहून दाराजवळची सीट रिकामी करून ठेवली आणि म्हणाला, "बसा ना माय, सीट हाय."

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "मले उभंच राहायचं हाय."

गाडी सुटली. त्या रिकाम्या सीटवर मी मिरचीची पिशवी ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. आत्याबाई एका हाताने वरचा दांडा धरून, दुसऱ्या हाताने नातीला कडेवर घेऊन, उमरेड येईपर्यंत, चांगला तासभर, उभ्या होत्या.